प्रभावती धावते तेव्हा वाडो उठतो

"धावून कोणाचा बरा झाला?"

हे वाक्य प्रभावतीच्या तोंडी इतकं बसलेलं होतं की वाड्यावरची, आमच्या आळीतली, पोरं तिच्या मागून तिच्याच आवाजात ते म्हणायची. कोणी शाळेला उशीर झाला म्हणून दोन पायऱ्या एकदम उतरला, की सोप्यावरून आवाज यायचा, "सावकाश रे! धावून कोणाचा बरा झाला?" नवी सून चुलीवरचं दूध वर आलेलं पाहून धावली, तरी हेच. उतू गेलेलं दूध पुसता येतं, पडलेली सून उचलायला माणसं गोळा करावी लागतात, असा तिचा हिशेब.

तिच्या नवऱ्याने, कृष्णनाथाने, हे वाक्य पहिल्यांदा ऐकलं ते बसच्या दारात. तेव्हा तो म्हापसा ते हळर्ण धावणाऱ्या एका खासगी बसचा कंडक्टर होता आणि बाबली ड्रायव्हर. शुक्रवारी म्हापशाचा बाजार, म्हणून चांदेलच्या थांब्यावर बायका पाट्या सावरत धावत यायच्या. एक मुलगी मात्र तांबड्या भाजीच्या जुड्यांची पाटी डोक्यावर घेऊन अशी चालत यायची, जणू बस तिच्याच अंगणात उभी आहे. बाबली हॉर्न दाबून दाबून थकला. घंटीची दोरी कृष्णनाथाच्या हातात होती, पण त्याने ती ओढली नाही. मुलगी चढली, पाटी खाली ठेवली, पदराने मान पुसली आणि कोणी काही विचारण्याआधीच तिने ते वाक्य म्हटलं.

"बाजार उठल्यार पोचतली ही बस!" बाबली पुढून ओरडला.

पुढच्या वर्षी ती कृष्णनाथाच्या घरात आली. बाबली लग्नाच्या जेवणावळीत सगळ्यांना सांगत फिरला, "ह्याणे घंटी मारूंक नाय, तेव्हाच माका कळला."

चालायला मात्र तिची कधीच ना नव्हती. गोव्याला घटक राज्याचा दर्जा मिळाला त्याच्या आदल्या वर्षी राजभाषेचं आंदोलन पेटलं. रस्त्यांवर झाडं आडवी पडली, बसगाड्या होत्या तिथेच उभ्या राहिल्या. प्रभावती त्या दिवशी म्हापशाच्या बाजारात होती. तिने उरलेली भाजी ओळखीच्या बाईला देऊन टाकली, रिकामी पाटी डोक्यावर घेतली आणि कोलवाळचा पूल ओलांडून घरची वाट धरली. दिवेलागण होऊन गेल्यावर ती अंगणात आली, तेव्हा कृष्णनाथ तिला शोधायला निघायचं म्हणून घरभर बॅटरी शोधत होता.

"आता खंय चललात?" तिने विचारलं, आणि पाय धुऊन चूल पेटवली.

अशी ती बाई. आणि हीच बाई पन्नाशी ओलांडल्यावर धावायला लागली.

त्याचं कारण एक खाट होती. प्रभावतीची आई भागीरथी हिला साखरेचा आजार होता. आधी तिचे तळवे बधिर झाले. मग अंगठ्याला एक जखम झाली, ती तिला कळलीच नाही. कळली तेव्हा पाय गुडघ्याखाली काढावा लागला. प्रभावतीने आईला आपल्या घरी आणलं. त्यानंतर भागीरथी त्या खाटेवरून फार कमी वेळा उठली. तिला कुशीवर वळवणं, धुणं, पुसणं, भरवणं, सगळं प्रभावतीने वर्षानुवर्षं केलं आणि कधी कपाळाला आठी घातली नाही. पण भागीरथी रोज रडायची. "माझा ह्या तुका करूचा लागता," म्हणायची. प्रभावतीच्या मनात घर करून राहिलं ते हे रडणं. काम तिला जड गेलं नव्हतं.

आई गेली. पुढे वर्षाच्या आतच प्रभावतीच्या रक्तात साखर निघाली.

पेडण्याचे डॉक्टर तरुण होते, पण समजावून सांगणारे. म्हणाले, "गोळी अर्धं काम करील. उरलेलं तुमच्या पायांनी करायला हवं."

"पाय दिवसभर चालतातच, डॉक्टर."

"त्या चालण्याची तुमच्या शरीराला सवय झालीय, मावशी. श्वास वाढायला हवा, घाम यायला हवा. जमेल तसं हळूहळू धावायला लागा."

डॉक्टरांनी माडावर चढायला सांगितलं असतं तरी ती इतकी दचकली नसती. घरी आल्यावर तिने मागच्या खोलीतली आईची खाट स्वतः ओढत अंगणात आणली आणि कृष्णनाथाला म्हणाली, "ही कोणाक तरी देऊन टाका. हिच्यार मी निजूचंय नाय."

कृष्णनाथाला ती काय म्हणते आहे ते सगळं कळलं. मुलगा गौरेश बोटीवर नोकरीला, वर्षातले बरेच महिने दर्यावर. मुलगी गौरवी लग्न होऊन डिचोलीला. खाटेवर पडायची वेळ आली तर उचलणारे हात फक्त कृष्णनाथाचे, आणि तेही आता साठीतले.

गौरेश सुट्टीवर आला तेव्हा आईचा आजार ऐकून म्हणाला, "आमच्या बोटीर म्हातारी म्हातारी गोरी माणसं मशीनवर धावतात. खंय जायत नाय, जाग्यार धावतात." तो म्हापशाला गेला आणि टेंपोत घालून धावण्याचं मशीन घेऊन आला. त्याला ट्रेडमिल म्हणतात हे वाड्यावर सगळ्यांना त्या दिवशी कळलं. चार माणसांनी ते उचलून बाहेरच्या खोलीत ठेवलं. शेवंती शेजारीण पाहायला आली. तिने पट्टा फिरताना पाहिला आणि विचारलं, "ह्यात दळप घालतात खंय?"

गौरेशने आईला नीट शिकवलं. आधी चाल, मग थोडं धाव, परत चाल. "आणि आई, धावताना माझ्याकडे बोलूक जमला पायजे. बोलूक जमना नाय, म्हणजे वेग जास्त झालो."

अडचण आली ती पायताणांची. आमच्याकडे घरात चपला कोणी घालत नाही, आणि त्या खोलीत तर समोर देव. मशीनवर बूट घालायला तिने साफ नकार दिला. अनवाणी धावली. तिसऱ्या दिवशी तळव्यांना फोड आले, आणि साखरेच्या माणसाने पायाला फोड येऊ देऊ नयेत हे त्या घराहून जास्त कोणाला ठाऊक असणार? गौरवी डिचोलीहून धावत आली, नवे कोरे बूट घेऊन. "ह्या बुटांनी जमीन बघूंकच नाय, आई. दुकानातल्या डब्यातसून थेट मशीनर. मग ते बाटतले कशे?" हा युक्तिवाद प्रभावतीला पटला. ते बूट घरचेच झाले. ती मशीनजवळच्या स्टुलावर बसून ते चढवायची, आणि तिथेच काढायची. अंगणातली माती त्यांना कधी लागली नाही.

पहिले दिवस ती कठड्याला अशी घट्ट धरून धावायची, जणू होडी डोलते आहे. हळूहळू हात सुटले. श्वासाचा ताल सापडला. कृष्णनाथ कदेलीवर, आपल्या लाकडी खुर्चीवर, बसून पेपर वाचायचा आणि ती धावता धावता त्याला घरच्या गोष्टी सांगायची, वेग बरोबर आहे की नाही ते कळावं म्हणून. आयुष्यभर लोकांना बसमागे धावताना पाहिलेला हा माणूस. पण धावणारं माणूस लांबही जात नाही आणि जवळही येत नाही, हे त्याला नवं होतं.

त्या मशीनला नावं ठेवायला नकोत. वाड्यावर पन्नाशीच्या बाईला धावायला शिकायचं तर अशी चार भिंतींची जागा लागते, जिथे पडलं तर हसणारं कोणी नसतं आणि थकलं तर घर शोधावं लागत नाही. पट्टा आपल्या पायांखालून सरकतो, एका वेगाने. आपण फक्त पाय उचलायचे. नवख्या माणसाला हा मोठा आधार. वीज गेली की पट्टा मध्येच थांबायचा आणि ती कठड्यावर आदळायची, तेवढाच त्याचा खोडसाळपणा. पावसाळा सुरू झाला तोवर ती बराच वेळ न थांबता धावू लागली होती. डॉक्टरांनी साखर उतरलेली पाहून पाठ थोपटली.

मग चवथ जवळ आली.

गणपती त्याच खोलीत बसतो. वर माटोळी बांधायची, तिला रानातली फळं आणि वेली टांगायच्या, खाली चौरंग. मशीन ठेवलं होतं नेमकं त्या जागी. भिंतींना रंग द्यायच्या आधी चार माणसांनी ते उचलून मागच्या पडवीत नेलं आणि वर ताडपत्री टाकली. पडवीत विजेचं बटण नव्हतं. गणपतींचं विसर्जन झालं, पाहुणे गेले, सुट्टी संपून गौरेश बोटीवर परत गेला. उचलणारी माणसं आज उद्या म्हणत राहिली. घरात रोज करंज्या आणि पातोळ्या उरलेल्या, आणि प्रभावतीचे पाय रिकामे.

एका सकाळी पाऊस थांबलेला पाहून तिने गौरवीचा जुना पंजाबी ड्रेस घातला आणि बाहेर पडली. घरचे बूट तिने घातले नाहीत. ते बाहेर नेले असते तर पुन्हा आत आणता आले नसते. अनवाणीच निघाली आणि अंगणाच्या पायरीखाली उतरताच धावायला लागली.

शेवंती तिच्या दारात अंगण झाडत होती. तिने मान वर केली. प्रभावती तिच्यासमोरून धावत गेली, अनवाणी, केस सुटलेले, एक शब्द न बोलता.

आता हे समजून घ्यायला हवं. आमच्याकडे पोर धावलं तर खेळ असतो आणि तरुण धावला तर बस. पण पन्नाशीची बाई धावली, तीही जन्मात कधी न धावलेली, तर त्याचा अर्थ एकच. शेवंतीने झाडू टाकला. "बाबली भावजी! शिवदास! धावा, प्रभावतीच्या घरा काय तरी झाला!"

कृष्णनाथ तेव्हा कदेलीवर बसून चहात उंडो बुडवत होता. पोदेर नुकताच पाव देऊन गेलेला. फाटकातून शेवंती पदराने डोळे पुसत आत आली. तिच्यामागून वाड्यावरच राहणारा बाबली, लुंगी एका हाताने धरून. शेजारच्या शिवदासने आपली व्हॅन दारात आणून उभी केली होती, इंजिन चालू. मागे आणखी पाच-सहा माणसं.

सगळे थांबले. कृष्णनाथाच्या हातातला उंडो चहात तुटून पडला.

"तुमी... बरे आसात?" शेवंतीने विचारलं.

"कित्याक? माका काय झाला?"

"मग वयनी धावली कशाक?" बाबली जवळजवळ रागाने म्हणाला.

"व्यायाम करता ती!"

जिवंत माणसासमोर रडून झालं की काय करायचं, हे कोणाला ठाऊक नव्हतं. शेवटी बाबली पायरीवर बसला. "चाय तरी दी रे. मरणाक म्हणून इलंय, उपाशी जाऊचंय नाय."

प्रभावती परत आली तेव्हा घरात दहा माणसं चहा पीत होती. ती घामाने भिजलेली, पायाच्या बोटाला चिऱ्याचा दगड लागून रक्त आलेलं. तिने सगळ्यांकडे पाहिलं आणि विचारलं, "काय झाला?"

त्या दिवशी दोघांचं भांडण झालं. कृष्णनाथ म्हणाला, "घरात मशीन आसा. माणसा बोलवून उचलून घेतंय. भायर शोभा कशाक?"

बोटाला हळद लावत ती म्हणाली, "मशीनर मी किती धावी, ठाव आसा? आज नदीच्या वळणापर्यंत पावली नाय, श्वास तुटलो. मशीन पाय ओढून नेता ओ. रस्तो पाय मागता. माका बघूचा आसा, माझे पाय माझे आसत काय मशीनचे."

गौरवीने बाहेरच्यासाठी दुसरे बूट आणून दिले, ते दाराबाहेर राहू लागले. चढावर प्रभावतीचा श्वास फुलायचा, उतारावर गुडघा कुरकुरायचा. ओल्या चिऱ्यावर पाय कसा टाकायचा, वाऱ्याच्या तोंडावर मान किती झुकवायची, हे मशीनने शिकवलेलं नव्हतं. पहिले काही दिवस ती धावण्यापेक्षा चाललीच जास्त. पण श्वासाचा ताल मशीनचाच होता, आणि बोलता येईल इतकंच धावायचं हे गौरेशचं वाक्य तिने सोडलं नाही. वाटेत भेटेल त्याच्याशी ती धावता धावता दोन शब्द बोलायची. वाट वाड्यातून शेताकडे, शेतातून नदीवर, जुन्या होडीच्या धक्क्यापर्यंत. तिथे बाबली गरी टाकून बसलेला असायचा. बसची नोकरी सुटल्यापासून त्याचा सकाळचा वेळ मासे धरण्यात जायचा. "वयनी, इली तुमची बस!" तो म्हणायचा. ती धक्क्याला हात लावून परत फिरायची.

माणूस कशालाही सरावतो. दिवाळीपर्यंत तिच्याकडे कोणी मान वर करून पाहीना. धावणारी प्रभावती म्हणजे सकाळ झाली, एवढाच त्याचा अर्थ उरला. कृष्णनाथाचा रागही कधी विरघळला ते त्याला कळलं नाही. ती अंगणात शिरताना तो चहाचा कप उंचावायचा, पूर्वी बाबलीला हात करायचा तसा.

थंडीच्या दिवसांतली ती सकाळ. धुकं नदीवरून उठत होतं. प्रभावती धक्क्यावर पोचली तर बाबली जागेवर नव्हता. त्याची गरी दगडावर पडली होती. मग तिला खालून आवाज आला. बाबली शेवाळावरून घसरून धक्क्याच्या खाली गेला होता. एक चिरा हलला होता आणि त्याचा पाय मांडीपर्यंत दोन चिऱ्यांच्या मध्ये अडकला होता. पाणी त्याच्या कमरेला लागलं होतं. भरती लागलेली.

तिने ओढलं. चिरा हलला नाही, बाबली मात्र कळवळला.

"वयनी, माणसा आणा," तो म्हणाला. "पारय घेवन येवंक सांगा. बेगीन."

ती धावली. असं ती कधी धावली नव्हती, मशीनवरही नाही आणि रस्त्यावरही नाही. श्वासाचा ताल, बोलण्याचा नियम, सगळं शेताच्या बांधावरच सुटून गेलं. वेग धरून ठेवायला पायांखाली पट्टा नव्हता. वाड्याच्या पहिल्या घरापाशी पोचली तोवर तिच्या छातीत हवा एवढीशीच उरली होती. तिने ओरडायला तोंड उघडलं, पण आवाज आला नाही. तिने दोन्ही हात हलवले.

शिवदास व्हॅनची काच पुसत होता. त्यानेही हात हलवला. "आज हातांचो पण व्यायाम, मावशी?"

शेवंतीने तुळशीला पाणी घालता घालता हसून मान डोलावली. आणखी कोणीतरी म्हणालं, "आज जोरात आसा गो बाय!"

प्रभावती थांबली असती तर बोलता आलं असतं, हे तिला नंतर सगळ्यांनी सांगितलं. पण थांबलेल्या पायांवर श्वास कधी परत येईल, कोण सांगणार? तिला घर दिसत होतं. घरात एक माणूस तरी समजेल, एवढंच तिच्या डोक्यात.

कृष्णनाथाने तिला फाटकातून आत येताना पाहिलं. तिचा चेहरा लाल झालेला, हात हलताहेत. त्याला वाटलं, आज बाई खुशीत आहे. त्याने कप उंचावला.

प्रभावतीने तो कप त्याच्या हातातून उडवला. कप भिंतीवर फुटला. मग ती कदेलीच्या पाठीला धरून वाकली आणि तिच्या तोंडातून एकच शब्द आला.

"बाबली."

तिने कोपऱ्यातल्या पारयीकडे आणि मग नदीकडे बोट दाखवलं, आणि कृष्णनाथ धावला. साठीतला माणूस दगड उचकायची लोखंडी पारय खांद्यावर घेऊन धावला, आणि त्याला धावताना पाहून वाडो उठला. शिवदास, शेवंतीचा नवरा, सगळे. ते पोचले तेव्हा पाणी बाबलीच्या छातीवर होतं आणि तो दोन्ही हातांनी वरचा दगड धरून डोळे मिटून होता. तिघांनी पारयीवर भार टाकला, चिरा उचलला गेला. मांडीचं हाड मोडलं होतं, पण बाबली वाचला. व्हॅनमध्ये घालताना तो कृष्णनाथाला म्हणाला, "इतको वेळ कित्याक लागलो रे?" कृष्णनाथाने त्याच्या अंगावर चादर ओढली.

त्या दिवसानंतर वाड्यावर कोणीच धड झोपलं नाही असं म्हणायला हरकत नाही. प्रत्येकाला आपण हलवलेला हात आठवत होता. पुढच्या सकाळी प्रभावती बाहेर पडली आणि धावू लागली, तर शेवंती कळशी टाकून तिच्यामागे धावली. "कोणाचा काय झाला? सांग गो, सांग!" शिवदासने व्हॅन सुरू केली. पुढच्या घरातला माणूस पारय घेऊनच बाहेर आला. तिसऱ्या दिवशीही तसंच. एका म्हातारीला तर तिला पाहून छातीत धडधडायला लागलं, तिला पाणी पाजावं लागलं.

त्या रविवारी, न बोलावता, चार माणसं आली आणि मशीन उचलून पुन्हा बाहेरच्या खोलीत ठेवून गेली. जाताना शेवंतीने हात जोडले. "हांगा धाव गो प्रभावती. आमकां सुखान रावंक दी."

त्यांच्यावर रागावणार तरी कसं? त्यांची काळजी खरी होती. प्रभावती घरचे बूट घालून पुन्हा मशीनवर चढली. पण आता ती भिंत तिला भिंतच दिसायची. पूर्वी तिथे कॅलेंडर दिसायचं, देव दिसायचे, आणि कुठेही जायचं नव्हतं म्हणून बरं वाटायचं. आता पाय चढ मागत होते. वारा कुठून येतो ते मानेला कळेनासं झालं होतं. दहा मिनिटांत ती उतरायची. कधी वीज नाही म्हणून, कधी कंटाळा म्हणून. धावणं शिकवायला जी खोली पुरली, ती धावत राहायला पुरेना. कृष्णनाथ हे सगळं पेपरच्या आडून पाहत होता. बाईने घरात धावावं, हे त्यानेच एकदा म्हटलं होतं.

मग एका दुपारी ती सोप्यावर बसून आपल्या पायाचा अंगठा दाबताना त्याला दिसली. दाबला, सोडला, पुन्हा दाबला.

"काय गो?"

"काय नाय. जरासो बधिर वाटता."

त्याने पेपर खाली ठेवला. भागीरथीचा आजार असाच सुरू झाला होता, ह्याच शब्दांनी. त्याने तिला दुसऱ्या दिवशी डॉक्टरांकडे नेलं. साखर पुन्हा चढली होती. अंगठ्याला अजून काही झालेलं नव्हतं. डॉक्टर म्हणाले, "आता वेळेवर आलात. काय थांबवलंत तुम्ही?"

परतीच्या बसमध्ये कृष्णनाथ म्हणाला, "उद्यापासून भायर धाव. वाड्यार मी सांगतंय. घरोघरी जावन सांगतंय, ही धावता ती व्यायाम म्हणून, उठू नकात."

ती खिडकीबाहेर पाहत होती. "आणि परत कोण तरी चिऱ्यात अडकलो तर?"

त्याने हातातलं तिकीट दुमडलं.

"त्यांका सांगूंक नाका," ती म्हणाली. "त्यांनी उठूकच होया. मी धावलंय तर माणसान उठूक होया. त्या दिवशी उठूंक नाय, म्हणून बाबली भावजींच्या छातीर पाणी इला. ती सवय माका त्यांची मोडूची नाय."

"मग तू करतलंस काय?"

"बघतंय."

ती कितीतरी दिवस विचार करत असावी, कारण दुसऱ्या सकाळी तिने काही समजावून सांगितलं नाही. उजाडलं होतं. बाबली त्या दिवसांत काठी टेकत सकाळी कृष्णनाथाच्या सोप्यावर येऊन बसायचा, नदीवर जायला बायकोने बंदी केली होती म्हणून. प्रभावती साडी नेसून बाहेर आली, साडीखाली बाहेरचे बूट. घरं मागे पडली की गुडघ्यापर्यंत वर खोचता येईल अशी नेसलेली.

"वयनी, धावूंक चलल्यात?" बाबलीने विचारलं.

"नाय. चलूंक."

ती फाटकाबाहेर पडली. शेवंती दारात होती. "खंय चललंस गो?" "अशीच, शेताकडे." शिवदासच्या अंगणात ती थांबली, त्याच्या पोरीचा ताप उतरला का ते विचारलं. म्हाताऱ्या शेजारणीला हात केला. घरामागून घर ओलांडत ती सावकाश गेली, एकेकीशी बोलत, आणि कोणाच्या हातातलं काम सुटलं नाही.

शेवटच्या घरापलीकडे रस्ता बांबूच्या बेटाला वळसा घालून शेतात उतरतो. तिथून पुढे सोप्यावरून काही दिसत नाही. कृष्णनाथ खांबाला धरून उभा होता. वळणावर ती मागे वळून पाहील, असं त्याला वाटलं. तिने पाहिलं नाही. बांबूच्या सावलीत तिची साडी क्षणभर दिसली, मग तीही गेली.

थोड्या वेळाने शेतातून टिटव्या ओरडत उठल्या, एकामागून एक, नदीच्या दिशेने.

बाबलीने काठीवरची हनुवटी उचलली आणि कृष्णनाथाकडे पाहिलं. दोघे म्हातारे तिथेच राहिले, एक उभा, एक बसलेला, रिकाम्या वळणाकडे पाहत.